काकांचं विरजण

काका गेले त्या आठवड्यात बेळगावात सूर्यच दिसला नाही. आषाढातला पाऊस कोसळत होता. चौथ्या दिवशी काकूंना भेटायला टिळकवाडीत गेलो, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत ती बरणी दिसली. तोंडाला पांढरं फडकं, त्यावर रबर. आल्याचा चोथा तळाला बसलेला आणि एकही बुडबुडा नाही.

"त्यात कुणी काही घातलं नाही रे," काकू म्हणाल्या. "सुचलंच नाही."

मी बरणी पिशवीत घालून घरी आणली.

काका माझ्या नात्यातले नव्हते. तरुणपणी ते नोकरीला इंग्लंडात गेले आणि तिथे घरी बिअर करायला शिकले. १९६३ साली तिथल्या सरकारने घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट काढून टाकली होती. त्यामुळे लोक एकमेकांच्या घरी जमून आपापल्या बाटल्या उघडायचे, चाखायचे आणि तोंडावर चुका सांगायचे. काकांचा जीव त्या बैठकांत अडकला होता. परत आले तेव्हा त्यांनी इथला कायदा नीट वाचून घेतला. कर्नाटकच्या १९६५ च्या अबकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. त्यांनी इथे एकदाही केली नाही. ती सगळी शिस्त, सगळी हौस त्यांनी आल्याच्या जिंजर बिअरमध्ये ओतली. नाव बिअर, पण फार आंबू न देता फ्रीजमध्ये जाणारं, लहान पोरांच्याही आवडीचं पेय. दर रविवारी सकाळी त्यांच्या पडवीत आम्ही सहा-सात जण जमायचो. शहापूरचा एक रिक्षावाला, खानापूरचे एक शिक्षक, बैलहोंगलच्या एक कानडी बाई. त्या पडवीत सीमाप्रश्न कुणी काढला नाही. भांडणं व्हायची ती गूळ की साखर, यावर.

त्यांच्याकडे इंग्लंडातून आणलेला काचेचा हायड्रोमीटर होता, द्रव किती दाट आहे ते मोजणारा. डेअरीत दुधात बुडवतात त्या लॅक्टोमीटरचाच भाऊ. लिटरभर द्रावणात १०० ग्रॅम साखर असली की तो १.०३८ च्या आसपास तरंगतो. साखर आंबून संपत जाते तसा तो खाली बसतो. काकांनी तो मला पहिल्यांदा हातात दिला तेव्हा माझा हात थरथरत होता, आणि त्यांनी खालून आपला तळवा धरला होता. तो तळवा मला आजही आठवतो.

तर बरणी. तिच्यात जिंजर बिअर आंबवणारं विरजण होतं, आलं-गूळ घालत जिवंत ठेवायचं. मी काकांच्या पद्धतीने सगळं केलं. जुनं पाणी बरंचसं ओतून दिलं. सालीसकट किसलेलं आलं रोज एक चमचा, कारण आंबवणारे जीव सालीवरच असतात. तेवढाच गूळ. पाणी विहिरीचं. नळाला येणाऱ्या राकसकोप धरणाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवल्याशिवाय काका वापरू देत नसत. थंडी लागू नये म्हणून बरणी घोंगडीत गुंडाळली, तेही त्यांचंच शिकवणं. दिवसातून दोनदा ढवळून कान लावायचो. चांगलं विरजण बोलतं, काका म्हणायचे, बारीक सळसळ ऐकू येते. मला पावसाशिवाय काही ऐकू आलं नाही.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. काही मागे राहिलं नाही म्हणाले. मी मान हलवली, पण मनातून मला ते पटलं नाही.

बाराव्या दिवशी बरणीवर केसाळ हिरवी बुरशी आली. बुरशी आली की वाचवत बसायचं नाही, सगळं टाकायचं, हा त्यांचा नियम. परसातल्या केळीच्या बुडाशी ओतलं आणि तिथेच पावसात उभा राहून रडलो. काका गेले त्या दिवशी रडलो नव्हतो.

नवं विरजण बाजारातल्या आल्यापासून आठवड्यात तयार झालं असतं. हे मला ठाऊक होतं आणि मला ते नको होतं.

मग काकूंनी त्यांची वही दिली. प्रत्येक खेपेची तारीख, आल्याचं वजन, हवा, हायड्रोमीटरचा आकडा, आणि शेवटचा रकाना: 'कोणाला दिलं'. त्यात फक्त बाटल्या नव्हत्या. 'विरजण, अर्धी वाटी' अशा नोंदी होत्या, पानोपानी. मी एकेकाला फोन लावत सुटलो. रिक्षावाल्याचं उन्हाळ्यात मेलेलं. शिक्षकांनी शाळेच्या परीक्षांत दुर्लक्ष केलेलं, ते फोनवर गप्पच झाले. निपाणीच्या एकाला आठवतही नव्हतं. शेवटी बैलहोंगलच्या बाईंना लावला.

"इन्नू जीवंत ऐत्री!" त्या जवळजवळ ओरडल्याच. अजून जिवंत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. त्यांनी चहाच्या आधी बरणी समोर ठेवली. झाकण उघडताच नाकात झणका गेला, आणि मी कान लावला. सळसळ होती.

त्याच विरजणावर पुढची खेप लावली. चार लिटर पाण्यात पाव किलो आलं आणि चारशे ग्रॅम गूळ उकळून कोमट होऊ दिलं, चार लिंबं पिळली, वाटीभर विरजण गाळून घातलं. बाटल्यांत दोन बोटं जागा सोडली. एक बाटली मुद्दाम प्लास्टिकची भरली, कारण ती दाबून कडक लागली की आत पुरती हवा धरली असं समजायचं आणि सगळ्याच बाटल्या फ्रीजमध्ये हलवायच्या. काचेची बाटली बाहेर राहिली तर फुटते. माझी एकदा फुटली होती, काचा छतापर्यंत उडाल्या होत्या, आणि काका रागावण्याऐवजी आधी माझे हात उलटसुलट करून बघत बसले होते. उन्हाळ्यात दोन दिवसांत होणाऱ्या कामाला या पावसात पाच लागले.

रविवारी पडवीत सगळे आले. बैलहोंगलच्या बाई पहाटेच निघाल्या होत्या. काकांची खुर्ची कुणी हलवली नाही, कुणी तीत बसलंही नाही. पहिला पेला काकूंना दिला. त्यांनी दोन घोट घेतले, पेला उजेडात धरला.

"आलं जास्त झालंय," त्या म्हणाल्या. "ते इतकं घालत नसत."

मी वही उघडली आणि लिहून घेतलं.