सेल मारते पण चालू होत नाही: क्रँक सेन्सर वायरिंग, पुढचा अपडेट

मंडळी, गाडी चालू झाली! 2003 ची पेट्रोल एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टरवाली) आहे, स्कॅनर बोलत नाही तिच्याशी, म्हणून सगळं मल्टीमीटरवरच करून राहिलो होतो. लक्षण असं, चावी फिरवली की पंप दोनेक सेकंद घुर्र करतो, सेल दणकून मारते, पण स्पार्क नाही, इंजेक्टरला पल्स नाही अन् आरपीएमचा काटा जागचा हलत नाही. हे तिन्ही सोबत गेलं म्हणजे पहिले क्रँक सेन्सर बघायचा, इंजिन फिरून राहिलं हे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) तोच सांगतो ना. एका इलेक्ट्रिशियन दादाचं म्हणणं होतं ईसीयूच बदला, पण भाऊ, सेन्सरची लाईन बघितल्याशिवाय ईसीयूला हात लावायचा नाही, त्यात लय पैसा जातो.

आता मुद्द्याचं. सेन्सर तीन वायरचा, हॉलवाला, म्हणजे चुंबकावर चालणारा अन् सप्लाय लागणारा. कनेक्टर काढून सप्लाय पिनवर मीटर लावला तर 12 व्होल्ट पूर्ण, कंटिन्युइटीची (वायर जोडलेली आहे ही) बीपसुद्धा येते. मंग त्याच पिनवर इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावला तर बल्ब नुसता लालसर अन् व्होल्ट धाडकन 4 च्या खाली! मीटर करंट ओढतच नाही, वायरीतली एक तार जरी शाबूत असली तरी तो 12 दाखवणार, लोड दिल्यावरच खरं कळतं. पण बल्ब फक्त रिलेवरून येणाऱ्या 12 व्होल्टच्या वायरवरच लावा बरं, डायग्राम बघूनच, सिग्नलच्या किंवा 5 व्होल्टच्या पिनवर लावला तर ईसीयू जाऊ शकतो.

वायर धरून मागे मागे जात गेलो तर बॅटरीच्या ट्रेखाली जुनी टेप. गाडी कोठ्यात सोयाबीनच्या कुटाराजवळ उभी असते, तिथं उंदरांचा सुळसुळाट, कातरलेल्या जागी कोणीतरी कधीतरी नुसती टेप गुंडाळली होती. उकलली तर आत तांबं हिरवंगार, भुगा झालेला, दोन-तीन तारा तेवढ्या चिकटून होत्या. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापली, तेवढा नवा तुकडा टाकला, क्रिम्प केलं (जोड पक्कडीनं दाबून बसवला) अन् वरून गोंदवाली हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. इंजिनजवळ मी सोल्डरपेक्षा चांगलं क्रिम्पच पसंत करतो, थरथरीनं सोल्डरच्या कडेला वायर तुटते.

बल्ब आता लख्ख, काटा हलला, अन् गाडी लगेच उठली. इंजिन तापल्यावर बंद करून परत चालू करायची टेस्ट अजून राहिली आहे, अन् त्याच बंडलमधल्या बाकीच्या वायरी उघडून बघायच्या आहेत. कोठ्यातल्या उंदरांवर कोणाकडे पक्का उपाय असेल तर सांगा बावा.