तुम्ही विचारलंत म्हणून: गेम एकाच दुकानाला द्यावा का?

कॉलेजातल्या मुलांसमोर बोलायला गेलो की शेवटी एक हात वर होतोच. "सर, एखाद्या प्लॅटफॉर्मला गेम एक्सक्लुझिव्ह दिला तर परवडतं का?" फोंड्याला मी आणि माझा मावसभाऊ मिळून गेम बनवतो, म्हणून मला विचारतात. आता तुम्हीही विचारलंत.

आमच्या परसात मानकुरादचं झाड आहे. बाबा मोहर बघूनच ते ठेकेदाराला देऊन टाकायचे. पुढे आंबा उदंड लागला, डझनाचा भाव चढला की आई महिनाभर धुसफुसायची. पण अवकाळी पावसाने मोहर झडला त्या वर्षी ठेकेदार रडला, आम्ही नाही. एक्सक्लुझिव्ह म्हणजे मला हेच वाटतं. त्याने गेम जास्त खपत नाही. खपलाच नाही तर काय, ही धास्ती आपण दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि त्याचे पैसे घेतो.

लोक मात्र टक्केवारीत अडकतात. स्टीम, म्हणजे पीसी गेमचं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान, विक्रीतले साधारण 30 टक्के कापून घेतं. एपिक कंपनीने डिसेंबर 2018मध्ये तसंच दुकान थाटलं ते 12 टक्क्यांवर. म्हणजे स्टीमवर शंभर प्रती विकून जे हाती यायचं, ते एपिकवर ऐंशीत. हिशेब चोख आहे, पण ते ऐंशी गिऱ्हाईक यायला हवेत ना? ज्याचे जुने गेम आणि दोस्त स्टीमवर, तो तिथेच राहतो. हे एपिकलाही ठाऊक होतं, म्हणून गेम एक्सक्लुझिव्ह देणाऱ्यांना त्यांनी वर किमान हमीची रक्कम मोजली. 'ऊब्लेट्स' हा गेम बनवणाऱ्या दोघांनी 2019मध्ये उघडच सांगितलं, की सगळ्या दुकानांत मिळून जेवढ्या कमाईची अपेक्षा होती तेवढी हमी मिळाली. (त्यावर चिडलेल्या खेळाडूंकडून त्यांना ज्या शिव्या पडल्या, त्या वाचून माझा भाऊ दोन दिवस गप्प होता.)

ही हमी बक्षीस नसते, उचल असते. विक्रीतून ती फिटेपर्यंत पुढचा पैसा नाही. 'बॉर्डरलँड्स 3' या बड्या गेमची 8 कोटी डॉलरची हमी दोन आठवड्यांत वसूल झाली, हे एपिकच्या अ‍ॅपलबरोबरच्या खटल्यातल्या कागदांतून 2021मध्ये बाहेर आलं. आमच्यासारख्यांची बहुधा फिटतच नाही. म्हणून हमी हीच आपली कमाई धरायची.

सोनी आपले गेम अडवून ठेवते ती प्लेस्टेशन हा आपला कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, खपवायला. तो हिशेब वेगळा. आणि तिनेसुद्धा 2024मध्ये 'हेलडायव्हर्स 2' प्लेस्टेशनवर आणि पीसीवर एकाच दिवशी आणला.

मला हेवा वाटतो तो पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा. त्यांची 'राजी' ही गेम ऑगस्ट 2020मध्ये निन्टेन्डोच्या कार्यक्रमात झळकली आणि त्याच दिवशी त्यांच्या स्विच या कन्सोलवर आली. बाकीच्या ठिकाणी ऑक्टोबरात. दुसरीकडे विकायची बंदी दोन महिन्यांची, आणि व्यासपीठ केवढं! तसा सौदा मी पैशाविनाही घेईन.

आमचा तसा नव्हता. म्हापशाला, शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत, पातळ भाजी-पाव खाता खाता भावाने बिलाच्या पाठीवर आकडेमोड केली: दोघांचे चौदा महिने निघतात. पावाचं तूप लागलेला तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. आम्ही वर्षभराची बंदी घेतली. अर्धे पैसे आले, उरलेल्यांसाठी सात महिने मेल लिहीत बसलो. वर्षाने स्टीमवर उतरलो तेव्हा विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, गेम टाकून ठेवलेले बरेचजण आम्हाला विसरूनही गेले होते.

तरी चौदातले सात महिने त्याच पैशावर काढले, हेही खरं. असा सौदा पुन्हा करीन का? करीन, पण तीन महिन्यांच्या वर नाही. आणि दुसऱ्या हप्त्यापुढे तारीख लिहून घेईन. आमच्या करारात तिथे 'गेम स्वीकारल्यानंतर' एवढंच होतं. ते आम्ही वाचलं सही केल्यावर.