वय ७३, घशाला शेक

स्वरयंत्राच्या कॅन्सरचा रिपोर्ट आला आणि भेटायला येणाऱ्या निम्म्या लोकांनी एकच विचारलं, "या वयात कशाला त्या मशीनखाली जायचं?" बोलत होते मायेनंच. पण मी एसटीचा निवृत्त कंडक्टर. गच्च भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत आवाज पोचवण्यात जन्म गेला. ऑपरेशन केलं तर स्वरयंत्रच काढावं लागेल, शेक, म्हणजे मशीननं किरण (रेडिएशन) दिले तर ते राखता येईल, असं डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं. मग मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी जन्मतारखेवर फार वेळ घालवला नाही. तीन महिन्यांत वजन किती उतरलं, जेवण कमी झालंय का, बाहेर एकटे जाता का, गोळ्या किती चालू आहेत, असं विचारत बसले. आठ प्रश्नांचा तो तक्ता असतो. १७ पैकी १४ किंवा त्याहून कमी गुण पडले, की म्हाताऱ्या माणसाची सगळी तपासणी नीट करतात. माझी झाली. किडनीचं क्रिएटिनिन रक्तात वाढलेलं, एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून शेकाबरोबर द्यायचं केमोचं औषध सिस्प्लाटिन बाद. ते औषध किडनी आणि कान दोन्हींवर जातं. थोरल्यानं मोबाइलवर वाचलेलं पुढं केलं: सिस्प्लाटिन न झेपणाऱ्यांना शेकाबरोबर दर आठवड्याला डोसिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध दिल्यावर दोन वर्षांनी हयात असणारे ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर गेले, असं टाटा हॉस्पिटलच्या अभ्यासात दिसलंय. डॉक्टर म्हणाले, "खरं आहे. पण सत्तरीनंतर केमोचा फायदा कमी होत जातो आणि काकांची तब्येत बघता मला ती जोखीम नको. नुसता शेक देऊ, पण पुरा देऊ." पुरा म्हणजे ७० ग्रे (ग्रे हे किरणांचं माप), ३५ भागांत, आठवड्यातले पाच दिवस. खर्च जनआरोग्य योजनेत बसला.

आधी दातांचे डॉक्टर. किडलेले दात शेकाआधीच काढून जखम भरू देतात, कारण शेक लागलेलं जबड्याचं हाड नंतर लवकर भरून येत नाही. मग साचा. गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर, खांद्यांवर दाबून बसवतात. थोड्या वेळात ती कडक होते. रोज तीच घालून टेबलाला जखडतात. कवळी बाहेर. जीव घुसमटतो, खोटं कशाला बोलू. पण आत कॅमेरा असतो, हात वर केला की मुलं धावत येतात. शेक लागताना काहीही जाणवत नाही. मशीन घरघरत डोक्याभोवती फिरतं आणि काही मिनिटांत "चला काका, झालं."

खरी लढाई ताटापाशी. तिसऱ्या आठवड्यापासून चव गेली, मग थुंकी चिकट दोरीसारखी झाली, मग गिळताना काचा. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या दिवसभर, जेवणाआधी बधिर करणारं औषध. तिखट बंद, दाढी बंद, मानेला साबण नाही. कुणीतरी हळद-तेल लावायला सांगितलं. नर्सताईंनी साफ नाही म्हटलं.

वजन उतरलं आणि साचा सैल पडला. सैल साच्यात मान हलते, म्हणजे किरण भलतीकडे जाणार. पुन्हा स्कॅन, पुन्हा साचा. त्याच सुमारास उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. कारण साधंच: पोटात काही जात नव्हतं, आणि बीपीची, साखरेची गोळी मात्र जुन्याच मापानं चालू. डॉक्टरांनी दोन्ही कमी केल्या. घरात म्हातारं माणूस असेल तर हे मुद्दाम विचारून घ्या. तरण्या पेशंटला असा प्रश्न सहसा पडत नाही.

नाकातून नळी घालायची म्हटल्यावर हिच्या डोळ्यांत पाणी आलं. नळी म्हणजे शेवट, असं आमच्याकडे समजतात. मला तर ती घातल्यावर पहिल्यांदा रात्रभर झोप लागली. नाचणीचं आंबील, मुगाचं कढण, सगळं गाळून दर दोन-तीन तासांनी सिरिंजनं. बसवून द्यायचं, नंतर पाणी सोडायचं. तरी घोट घोट पाणी तोंडानं गिळायला लावायचेच, कारण गिळणं थांबलं की घशाचे स्नायू आखडतात.

शेक संपला म्हणून त्रास संपत नाही. नंतरचे दोन आठवडे सगळ्यांत वाईट गेले; हे आधी सांगितलं होतं म्हणून धीर राहिला. मग हळूहळू नळी निघाली. तीन महिन्यांनी पेट स्कॅन झाला, त्यात गाठ दिसली नाही. आवाज घोगरा आहे, पण माझाच आहे. तोंड कोरडंच राहतं, भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय उतरत नाही. मानेच्या शेकानं थायरॉइडही मंदावू शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी टीएसएच ही त्याची रक्ततपासणी करतो. बिडी सोडली आहे. पारावरची मंडळी अजून ओढतात आणि मी आलो की हात मागं घेतात.