तुम्ही विचारलंत म्हणून: केनियाच्या बालग्रामात जाऊन नेमकं करायचं काय?

चर्चच्या गटाबरोबर, कॉलेजच्या सुट्टीत किंवा निवृत्तीनंतर केनियात सेवेला निघालेले लोक हमखास विचारतात: "दोन-तीन आठवडे हाताशी आहेत, तिथल्या बालग्रामातल्या मुलांसाठी काय करू?" उत्तर जरा रुक्ष आहे. मुलांना सांभाळायला जाऊ नका. पाण्याची टाकी, मच्छरदाण्या आणि हिशेबाची वही यांच्यासाठी जा.

1949 साली ऑस्ट्रियातल्या इम्स्टला निराधार मुलांसाठी काम करणाऱ्या एसओएस या संस्थेचं पहिलं बालग्राम उभं राहिलं, आणि पुण्याच्या येरवड्यापासून आफ्रिकेपर्यंत तोच घाट पसरला. एक घर, संस्थेने नेमलेली एक आई, आठ-दहा मुलं, सख्खी भावंडं शक्यतो एकाच छपराखाली. हा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: आज रात्री जिने जेवायला वाढलं तीच बाई उद्या सकाळी उठवायला असणार. पाहुणा येतो, लळा लावतो आणि तिसऱ्या आठवड्यात विमानतळ गाठतो. मग पुढची तुकडी येते. अनोळखी माणसाला बघताक्षणी धावत येऊन बिलगणारं मूल पाहून पाहुणे विरघळतात. मुलांबरोबर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना त्यातच काळजी वाटते, कारण आपलं माणूस पक्कं असलेलं मूल परक्याला आधी लांबूनच न्याहाळतं.

दुसरी अडचण पैशाची आहे. संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई-वडील, निदान एक जण, हयात असतात. मूल तिथे पोचतं ते गरिबीमुळे, शाळेच्या फीमुळे, आजारपणामुळे. पण पाहुण्यांबरोबर देणग्या येतात आणि पाहुण्यांना मुलं दिसावी लागतात. मग मूल घरी पाठवण्याची घाई कुणाला? म्हणूनच केनियाने 2017 मध्ये नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवली आणि 2022 पासून मुलांना कुटुंबात परत नेण्याचं दहा वर्षांचं धोरण आखलं. 2019 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली. तेव्हा संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा: गेल्या वर्षी किती मुलं घरी किंवा नातेवाइकांकडे परतली? आकडा चटकन आला तर पुढे बोला. दुसरी कसोटी तुमच्याच कागदांची. पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितल्याशिवाय जी संस्था "या, या" म्हणते, तिथे जाऊ नका. ती बाकीच्यांनाही असंच आत घेते.

परवान्याचं थोडक्यात: पर्यटक म्हणून मिळणाऱ्या ईटीएवर, म्हणजे ऑनलाइन प्रवेश-परवानगीवर, काम चालत नाही, बिनपगारीसुद्धा. यजमान संस्थेने वेगळा परवाना काढायला हवा, आणि तो तुमचं तिकीट काढायच्या आधी.

आता काम. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे, लहान पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणून पागोळीचं पाणी साठवायचं काम जानेवारी-फेब्रुवारीत करावं. हिशेब सोपा आहे: 1 चौरस मीटर पत्र्यावर 1 मिलीमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 80 चौरस मीटरच्या छपरावर 20 मिलीमीटरची सर आली तर गळती-उडती धरून पाचवा हिस्सा वजा करा, तरी पावणेतेराशे लिटर हाती लागतं.

घोटाळा पहिल्या पाण्यात होतो. पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण टाकीत जाऊ नये म्हणून सुरुवातीचं अर्धा मिलीमीटर, म्हणजे या छपराचं 40 लिटर, बाजूला काढावं लागतं. त्यासाठी खाली टोपण लावलेला उभा पाइप बसवतात. हौशी मंडळी इथे 4 इंची पाइप वापरतात. त्यात मीटरला जेमतेम 8 लिटर मावतं, म्हणजे 5 मीटर उंची हवी, आणि छप्परच तेवढं उंच नसतं. 6 इंची घ्या, सव्वादोन मीटरमध्ये काम होतं. टोपणाला 2-3 मिलीमीटरचं भोक पाडा म्हणजे पाइप आपोआप रिकामा होईल. भोक नसेल तर दर पावसानंतर कुणीतरी टोपण उघडायला हवं, आणि ते कुणीच उघडत नाही. भोक असलं तरी महिन्यातून एकदा टोपण काढून गाळ धुवावा लागतोच, नाहीतर तेही बुजतं.

टाकीचा चौथरा सपाट हवा. 5,000 लिटरची भरलेली टाकी पाच टन भरते, आणि तळाखाली एक खडा राहिला तरी प्लास्टिक तिथेच तडकतं. नळ जमिनीपासून निदान 50 सेंटीमीटरवर घ्या, म्हणजे सगळीकडे दिसणारा तो पिवळा 20 लिटरचा कॅन खाली उभा राहील. सांडव्याला डासांची जाळी विसरू नका. प्यायच्या पाण्यासाठी 1,000 लिटरला 5 टक्क्यांचं साधं, बिनवासाचं ब्लीच 40 मिलिलिटर घालून अर्धा तास थांबावं. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं.

हे सगळं स्वतःच्या हाताने करायचा हट्ट नको. गावातला फुंडी, म्हणजे मिस्त्री, रोजावर घ्या. तुम्ही माप, साहित्य आणि पैसे बघा. पाइप गळायला लागेल तेव्हा तोच तिथे असणार आहे. शिकल्यासवरल्या पाहुण्यांनी रंगवलेल्या भिंती नंतर गावच्या रंगाऱ्याकडून पुन्हा रंगवून घ्याव्या लागतात, हे उघड गुपित आहे.

मच्छरदाण्या औषध लावलेल्या असतात. नवी दाणी वापरण्याआधी एक दिवस सावलीत पसरावी. धुताना साधा साबण घ्यावा, वाळवताना ऊन टाळावं, कारण उन्हाने औषध उतरतं. दुमजली खाटांवर खालची दाणी वरच्या खाटेच्या चौकटीला बांधतात आणि वरचं मूल तिच्यात पाय अडकवून ती फाडतं. प्रत्येक खाटेला चार हूक वेगळे ठोकले की भांडण मिटतं.

सामानात जुने कपडे नकोत. जुन्या कपड्यांचे बाजार केनियात भरभरून आहेत आणि स्वस्तही. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर तिथे 2017 पासून बंदी आहे, म्हणून बॅग भरताना कापडी पिशव्या घ्या. प्लग चौकोनी तीन पिनांचे, तेव्हा अडॅप्टर लागेल. मुलाच्या हातात थेट भेटवस्तू देऊ नका, घरच्या आईकडे द्या. एकाला मिळालेला बॉल नऊ जणांचं भांडण होतो. मुलाचा चेहरा, नाव आणि ठिकाण एकत्र कुठेही टाकू नका. आणि मिशनने गेलात तरी धर्माबद्दल हात आखडता ठेवा. ज्याचं जेवण तुमच्या संस्थेवर अवलंबून आहे, ते मूल प्रार्थनेला नाही म्हणू शकत नाही.

पीतज्वराची लस निघण्याआधी निदान 10 दिवस घ्या आणि तिचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, पासपोर्टातच ठेवा. ते नसेल तर भारतात परतल्यावर 6 दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात. नैरोबी उंचावर असल्याने तिथे मलेरियाचा धोका कमी, पण व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूला आणि किनारपट्टीला भरपूर. मलेरिया टाळायला डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं तर ती गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्या, लगेच आडवे होऊ नका. परतल्यावरही ती 4 आठवडे चालू ठेवायची असते आणि बहुतेक जण घरी पोचताच सोडतात. नंतरच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "मी केनियाहून आलोय" हे सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.