ठाणे ते वाशी, पिशवीत मास्क

ऑगस्टमधला रविवार, सकाळचे साडेसहा. ठाण्याच्या दहा नंबर फलाटावर वाशी लोकल उभी होती. डब्याच्या काचांवर बाहेरून पाऊस आणि आतून वाफ. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत पोळीभाजीचा जुना डबा आणि डब्यात माझा स्वतःचा, नवा कोरा डायव्हिंग मास्क.

हा मास्क घेण्यामागे मे महिन्यातलं एक दुःख आहे. मालवणला आम्ही स्कूबा केलं, म्हणजे टाकीतली हवा तोंडातल्या नळीने घेत पाण्याखाली पोहलो. सिंधुदुर्ग किल्ला पाठीशी, पाणी स्वच्छ, सगळं मनासारखं. पाण्यात उतरले आणि दोन मिनिटांत मास्कच्या काचेवर वाफ धरली. मग जे दिसलं ते दुधी काचेच्या खिडकीतून दिसावं तसं. वर आल्यावर स्कूबावाल्यांनी पाण्याखाली काढलेला व्हिडिओ फोनवर दाखवला. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा माझ्या नाकासमोरून जात होता. मी तो पहिल्यांदा पाहिला तो व्हिडिओत. परतीच्या गाडीत मी कुणाशी फारसं बोलले नाही.

पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं, म्हणून सरावासाठी वाशीचा एक तरणतलाव ठरवला. मास्कची तयारी मात्र घरी, नौपाड्यातच सुरू झाली. नव्या मास्कच्या काचेवर सिलिकॉनचा अगदी पातळ थर असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याचे थेंब त्यावर मण्यांसारखे जमतात. तो निघेपर्यंत बाकीचे उपाय फुकट. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नाही) काचेला आतून लावायची, बोटाने गोल गोल घासायची, धुवायची आणि पुन्हा. मी चार वेळा घासलं. सासूबाई मोरीच्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अगं, चांदीची निरांजनं घासल्यासारखं घासतेस! रांगोळी देऊ का थोडी?"

"नको आई, रांगोळीने काचेवर चरे पडतील."

चौथ्यांदा पाणी ओतलं तेव्हा थेंब न जमता ते काचभर सपाट पसरलं. तो क्षण मला फार आवडला. काही जण लायटरच्या ज्योतीने हा थर जाळतात. आमच्या डायव्हिंगच्या सरांनी तसं करू नका म्हणून बजावलं होतं, कारण कडेचं सिलिकॉन जळू शकतं, आणि काच नसून प्लास्टिक असेल तर मास्कच गेला. काचेला आतून कंपनीनेच वाफ न धरणारा लेप दिला असेल तर टूथपेस्टही लावायची नाही, माहितीपत्रक आधी वाचायचं.

ऐरोली, रबाळे. डावीकडे पारसिकच्या डोंगरावरून पांढरे धबधबे ओघळत होते, पण खिडकीच्या काचेतून ते नुसते पुसट डाग. मी तळहाताने काच पुसली. घणसोली येईपर्यंत पुन्हा धुकं. मास्कमध्ये हेच होतं. चेहऱ्याची ऊब आणि नाकातून सुटलेला दमट श्वास आत कोंडतो, बाहेरच्या पाण्याने काच थंड झालेली असते, आणि वाफेचे बारीक थेंब तिच्यावर बसतात. पुसून उपयोग नाही. थेंब धरूच नयेत, पाणी पसरून पातळ पापुद्रा व्हावा, तरच आरपार दिसतं.

वाशी स्टेशनबाहेर रिक्षा मिळाली. सिग्नलला रिक्षावाल्या दादांनी खिशातून शाम्पूचं पाऊच काढलं, कपड्यावर दोन थेंब घेऊन समोरची काच आतून पुसली. "आता नाय धरणार," ते म्हणाले. मी थक्क होऊन बघत राहिले. माझ्या पिशवीतही पातळ केलेल्या बेबी शाम्पूची छोटी बाटली होती! काम तेच, फक्त बेबी शाम्पू डोळ्यांना झोंबत नाही.

तलावावर सरांनी मास्क उजेडात धरून पाहिला आणि मान डोलावली. "ताई, आता थुंकी." मला शिसारी आली. "तुमच्याच मास्कला तुमचीच थुंकी. भाड्याचा असता तर मीच शाम्पू लावायला सांगितलं असतं." थुंकी कोरड्या काचेवर चोळायची, नुसतं एकदा पाण्यात बुडवून काढायचं. खळाखळा धुतलं की सगळं वाहून जातं. मी शेवटी शाम्पूच लावला, पण नियम तोच. त्यानंतर काचेला आतून बोट लावायचं नाही. मग तोंडावर गार पाणी मारून घ्यायचं, आणि मास्क लावला की काढघाल करायची नाही. वाट बघताना तो कपाळावर चढवायची मला सवय होती. तिथे तो घामाने तापतो, आणि पाण्यात कपाळावरचा मास्क ही अडचणीत असल्याची खूणही मानतात. गळ्यात ठेवायचा.

खरी मेख मात्र माझ्या नाकात होती. मालवणला घाबरून मी सतत नाकाने श्वास सोडत होते. घ्यायचा तोंडाने, सोडायचाही तोंडाने. खाली जाताना तेवढा नाकातून थोडा थोडा सोडावा लागतो, कारण पाण्याचा दाब मास्क चेहऱ्यावर आवळत नेतो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. नाक झाकणारा मास्क लागतो तो यासाठीच, पोहण्याचे गॉगल इथे चालत नाहीत.

एवढं करूनही वाफ आलीच तर? तेही तळाशी करून घेतलं. वरची कड जरा सैल करून थोडं पाणी आत घ्यायचं, मान खाली घालून ते काचेवरून फिरवायचं, मग वरची कड दाबून, वर बघत, नाकातून जोरात फुंकायचं. पहिल्या वेळी पाणी नाकात गेलं आणि मी सरांचा हात घट्ट धरला. पाचव्या वेळी धरावा लागला नाही.

मग त्यांनी थांबायची खूण केली. मी तळाशी गुडघे टेकून बसले होते. फरशीच्या सांध्यातली रेघन् रेघ दिसत होती. वर पाहिलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि प्रत्येक थेंब पाण्यावर पडताना खालून एक चंदेरी वर्तुळ उमटत होतं, विरत होतं, शेजारी दुसरं. काच लख्ख होती.