तुम्ही विचारलंत म्हणून: माशांच्या एवढ्या मोठ्या टँकचं पाणी दर आठवड्याला कशाला बदलायचं?

टँक पाहायला येणारे बहुतेक जण मला हेच विचारतात. पाणी इतकं नितळ आहे, फिल्टर रात्रंदिवस चालू आहे, त्यात टँक मोठा. मग दर आठवड्याला हा खटाटोप कशासाठी?

पाणी नितळ दिसतं म्हणजे ते चांगलं असतंच असं नाही. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट अगदी थोडे असले तरी मासे दगावतात. नायट्रेट त्या मानानं सौम्य. पण साध्या फिल्टरचं काम तिथेच संपतं. नायट्रेट साचत जातं, आणि त्याला रंग नाही की वास नाही. टँकमध्ये झाडं भरपूर असली तर ती काही शोषून घेतात. उरलेलं बाहेर काढायचं तर पाणी बदलण्याइतका सोपा उपाय मला तरी माहीत नाही.

किती बदलायचं, याचं गणित एकदा मांडून बघा, मग कुणाला विचारावं लागत नाही. समजा नव्या पाण्यात नायट्रेट नाही आणि टँकमध्ये ते आठवड्याला १० पीपीएमनं, म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅमनं, वाढतं. दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदललंत, तर काही आठवड्यांनी ते बदलण्याआधी ४० आणि बदलल्यावर ३० असं स्थिरावतं. ५० टक्के बदललंत तर २० आणि १०. म्हणजे पाव भाग बदलून नायट्रेट पाव होत नाही. टँक मोठा असेल तर ही वाढ सावकाश होते हे खरं, पण मोठा टँक घेणारा माणूस मासेही मोठे घेतो, खाद्यही वाढवतो, आणि तो फायदा तिथेच संपतो.

‘मी आटलेलं पाणी भरत असतो की,’ असं बरेच जण म्हणतात. ते पाणी बदलणं नव्हे. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. नायट्रेट आणि बाकीचे क्षार मागेच राहतात. वरून नळाचं पाणी घातलं की त्यातले क्षार आणखी भर घालतात.

आता कष्टांचं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँकमध्ये काठोकाठ सुमारे ६८० लिटर पाणी मावतं. त्याचे ३० टक्के म्हणजे २०० लिटर, म्हणजेच २०० किलो वजन. हे बादल्यांनी उचलायचं ठरवलंत तर महिन्याभरात कंटाळा येणार, आणि कंटाळा आला की टाळाटाळ सुरू होते. म्हणून मी सगळ्यांना आधी लांब पाईप घ्यायला सांगतो. पाईप पाण्यानं पूर्ण भरून एक टोक टँकमध्ये बुडवायचं आणि दुसरं टँकमधल्या पाण्याच्या पातळीखाली मोरीत सोडायचं, की पाणी आपोआप वाहू लागतं. खालचं टोक जितकं खाली, तितका जोर जास्त. टँकमधलं टोक वाळूवरून फिरवत गेलं की तळाची घाणही त्याच पाण्याबरोबर निघते. टोकाला जाळी लावा, लहान मासे ओढले जातात. आणि हे सगळं करण्याआधी हिटर बंद करून थोडा थंड होऊ द्या. पाणी उतरल्यावर तापलेला काचेचा हिटर उघडा पडला तर तडकतो, आणि तडकलेल्या हिटरच्या पाण्यात हात घालणं जिवावर बेतू शकतं.

काढलेल्या पाण्यातलं एक बादली बाजूला ठेवा. फिल्टरचा स्पंज त्यातच पिळून घ्यायचा; नळाखाली धरला तर क्लोरीननं तेच जिवाणू मरतात ज्यांच्या जिवावर टँक चालतो. गोड्या पाण्याचा टँक असेल, तर उरलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात.

भरताना मात्र घाई नको. नुसतं क्लोरीन असलेलं पाणी ड्रममध्ये साठवून हवेचा पंप लावला तर दिवसभरात क्लोरीन उडून जातं. क्लोरामीन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, असेल तर असं जात नाही, त्यासाठी वॉटर कंडिशनर, म्हणजे ते निष्प्रभ करणारं औषधच लागतं. नळाचा पाईप थेट टँकमध्ये सोडणार असाल, तर या कंडिशनरची मात्रा नव्या पाण्यापुरती नाही, पूर्ण टँकच्या हिशेबानं घ्या आणि पाणी सोडण्याआधी टाका. तापमानात एक-दोन अंशांहून जास्त फरक नसावा. हातानं अंदाज घेण्यापेक्षा थर्मामीटर वापरा.

ज्यांनी कित्येक महिने पाणी बदललेलं नाही, त्यांना मी कळकळीनं सांगतो, हे वाचून उद्या अर्धा टँक रिकामा करू नका. अशा टँकमध्ये पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे याचं माप; जितका कमी, तितकं आम्लधर्मी) हळूहळू उतरलेला असतो, आणि कमी पीएचला अमोनिया बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो, जो माशांना फारसा बाधत नाही. एकदम भरपूर नवं पाणी घातलं की पीएच उसळतो आणि त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. मासे तडफडतात, आणि मालकाची समजूत होते की पाणी बदलल्यानंच मासे मेले. आधी अमोनिया आणि पीएच तपासा. मग एक-दोन दिवसांच्या अंतरानं १० टक्के, नवं पाणी सावकाश सोडत. दोन्ही पाण्यांचा पीएच जवळ आला की नेहमीचं प्रमाण धरायला हरकत नाही.