पाना ‘कट्’ म्हणाला की थांबायचं : स्विफ्टच्या चाकांची पुढची नोंद

चारही चाकांचे मिळून सोळाही नट आता ८५ न्यूटन-मीटरवर (हे नट आवळण्याच्या जोराचं माप) आहेत आणि दुसऱ्या तपासणीत एकही हलला नाही. हे लिहायला तीन रविवार गेले.

मागच्या नोंदीत डावीकडच्या मागच्या चाकाचा एक स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा, तुटल्याचं सांगितलं होतं. एका पंक्चरच्या दुकानात पोरानं पान्याच्या दांड्यात पाइप घातला आणि त्यावर उभं राहून नट आवळले. मी शेजारीच उभा होतो, काही बोललो नाही. घरी येऊन हिशेब केला. साठ किलोचा माणूस नटापासून ७५ सेंटीमीटरवर उभा राहिला तर नटावर ४४० न्यूटन-मीटर येतात. माझ्या गाडीच्या पुस्तकात ८५ लिहिलंय. पाचपट! स्टड त्या दिवशी तुटला नाही, ताणला गेला. तुटला तो महिन्याभरानं, नट सोडताना. घाटात तुटला असता तर काय, हा विचार अजून जात नाही.

आमच्या मिस्त्रींकडे ब्रेकचा ड्रम उतरवून स्टड बदलले. एकच नव्हे, त्या चाकाचे चारही, कारण बाकीच्या तिघांनीही तोच मार खाल्ला होता. त्यातल्या एकावर नवा नट हातानं फिरेना, मध्येच अडकत होता. म्हणजे आटे ताणले गेलेत. नवे स्टड बसल्यावर मिस्त्री ऑइलचा डबा घेऊन आले. “दादा, आट्यांना थोडं सोडतो, पुढच्या वेळी नट सुटायला सोपा जाईल.” मी म्हटलं, “काका, नको. कोरडेच राहू देत.”

त्यांनी कारण विचारलं, ते इथेही सांगतो. आपण पान्याला लावतो त्या जोरातला फार थोडा भाग स्टड ताणण्यात जातो, साधारण दहावा हिस्सा. उरलेला सगळा आट्यांच्या आणि नटाच्या बुडाच्या घर्षणात जिरतो. ऑइल लावलं की घर्षण घटतं, आणि पाना ८५ दाखवत असतानाच स्टडवर कितीतरी जास्त ताण जातो. पुस्तकातला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठीचा आहे.

चाक नटांवर टांगलेलं असतं असं मला बरीच वर्षं वाटायचं. तसं नाही. बारा मिलिमीटरचा स्टड ८५ न्यूटन-मीटरला अंदाजे साडेतीन टनांच्या जोरानं रिमला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, दाबून धरतो. चार स्टड म्हणजे चौदा टनांच्या आसपास. गाडीचं वजन, ब्रेकचा हिसका, खड्ड्याचा दणका हे सगळं पेलतं ते या दाबामुळे दोन पृष्ठभागांत तयार होणारं घर्षण. दाब गेला की चाक सूक्ष्म हलायला लागतं, स्टड पुढे-मागे वाकतो आणि थकून तुटतो. म्हणून ढिला नट आणि अति आवळलेला नट दोघेही शेवटी एकाच जागी नेतात.

दुसरा रविवार हब घासण्यात गेला. पावसाळ्यात बामणोलीच्या फेऱ्या झाल्या होत्या, रिमच्या मागे गंजाचे पापुद्रे होते. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. नट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवले, मग चाक हवेत असताना समोरासमोरचे धरून हलके आवळले, म्हणजे नटाचं निमुळतं बूड रिमच्या खळग्यात नीट मध्यावर बसतं. गाडी खाली घेऊन आधी ४०, मग ८५. टॉर्क पाना, म्हणजे लावलेल्या आकड्याइतका जोर आला की ‘कट्’ वाजणारा पाना, सावकाश ओढायचा, ‘कट्’ झालं की हात सोडायचा. खात्रीसाठी पुन्हा दोनदा कट्-कट् करण्याची सवय मोडली, कारण दर वेळी नट थोडा पुढे सरकू शकतो.

त्याच दुपारी यवतेश्वर चढून कासला जाऊन आलो, पन्नासेक किलोमीटर. गाडी थंड होऊ दिली आणि पुन्हा पाना लावला. तेरा नट जागच्या जागी, तीन किंचित फिरले. दोन नव्या स्टडवरचे, ते अपेक्षितच होतं. तिसरा पुढच्या उजव्या चाकाचा, त्यानं मला छळलं. चाक उतरवलं तेव्हा दिसलं की रिम रंगवताना हबला टेकणाऱ्या भागावरही मी फवारा मारला होता. रंगाचा थर दाबाखाली चेपला की तेवढा ताण उतरतो. चारही रिमचा तो भाग खरवडून पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. दुसऱ्यानं आवळलेल्या नटाला ८५ वर पाना लावला आणि ‘कट्’ आवाज आला, तर नट ढिला नाही एवढंच कळतं. तो दोनशेवर असला तरी पाना तसाच वाजतो. म्हणून दुकानातून आलं की नट एकेक करून सोडायचा आणि पुन्हा आवळायचा. सोडायला साधा पाना, टॉर्क पाना कधीच नाही. काम संपलं की त्याचा आकडा सर्वांत खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दबलेली राहते.

रस्त्यात स्टेपनी लावायची वेळ आली तर काय? गाडीतल्या पान्याचा दांडा मोजला, हाताच्या पकडीपर्यंत २५ सेंटीमीटर. ८५ साठी तिथे जवळजवळ ३५ किलोचा जोर लागतो. बॅगा मोजायचा हुकवाला काटा दांड्याला अडकवून, काटकोनात ओढून ३५ वर किती दम लागतो ते दहा-बारा वेळा अनुभवलं. मग डोळे मिटून, काट्याशिवाय आवळलेले नट टॉर्क पान्यानं तपासले. चारातले तीन ८५ च्या आसपास निघाले, एक सत्तरच्याही खाली होता. घरी पोचेपर्यंत तेवढं चालेल, पण घरी आल्यावर टॉर्क पाना हवाच.

तिसऱ्या रविवारी, रंग काढल्यावर, ठोसेघरला फेरी आणि पुन्हा तपासणी. सोळाच्या सोळा, एकही फिरला नाही. तारीख आणि किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहून ठेवलाय. आता मित्राच्या अलॉय चाकांचं बघायचंय. त्याच्या रिमचं मधलं भोक हबच्या ५४.१ मिलिमीटरपेक्षा मोठं आहे, आधी ती फट भरणारी बरोबर मापाची रिंग शोधतोय.